रातपाळीतील भय : दोष कोणाचा?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक वयस्क बाई आम्हांस भेटावयास आल्या. त्यांचा थोरला मुलगा चाकणच्या बाजूस एका कारखान्यात कामास आहे. तेथे दर आठवड्यास पाळी बदलते. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. बाईंनी बराच वेळ पावसाचे, बाजरीचे व सोयाबीनच्या भावाचे बोलणे केले. मग पदराचे टोक बोटास गुंडाळीत त्या हळूच म्हणाल्या, “साहेब, एक इचारू का? माझा लेक भित्रा झाला का हो?”

हकिकत अशी होती. चार महिन्यांपूर्वी रात्री तीनच्या सुमारास तो यंत्रापाशी उभा असता त्याची छाती एकाएकी धडधडू लागली. अंगास दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोटांस मुंग्या आल्या, श्वास पुरेनासा झाला, आणि आता आपण मरणार अशी त्याची पक्की समजूत झाली. सोबत्यांनी त्यास गाडीत घालून दवाखान्यात नेले. तेथे हृदयाचा आलेख काढिला, रक्त तपासले, आणि हृदयात काही दोष नाही, घरी जा, असे सांगितले. तो परतला, परंतु आठ दिवसांनी तेच पुन्हा घडले, व पुढे पुन्हा. मग झटका येवो न येवो, रातपाळीचा आठवडा जवळ आला की रविवारच्या दुपारपासूनच त्यास अन्न गोड लागेनासे झाले. तो गावी आला तेव्हा शेजाऱ्यांनी तीन निकाल दिले. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणाले, मन कच्चे आहे, शहरात गेलेली पोरे अशीच होतात. आणि जे स्वतःस अधिक समंजस समजत होते ते म्हणाले, ज्याचा भरवसा पक्का त्यास भय कसले?

हे तिन्ही निकाल त्या मातेच्या काळजात रुतून बसले होते. बाधेचा निकाल तिने सोडून दिला होता. परंतु उरलेल्या दोहोंचा अर्थ एकच होत होता, की दोष मुलाचा आहे. तो खरोखर त्याचा आहे काय, हा प्रश्न तिने आमच्यापुढे ठेविला, व तोच आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

रातपाळी ही शहरातली गोष्ट, तिच्याशी खेड्यातल्या माणसास काय करावयाचे, असे कोणी म्हणू नये. आपल्या गावांतील कितीएक मुली दवाखान्यांत परिचारिका आहेत व महिन्यातील काही रात्री त्या रोग्यांच्या खाटांमध्ये जागून काढितात. कितीएक तरुण गोदामांच्या दारांशी राखणीस बसतात, कितीएक मालमोटारी हाकितात. साखर कारखान्याचा हंगाम लागला की गाळप रात्री थांबत नाही, आणि उसाने भरलेल्या गाड्या काट्यापुढे उभ्या राहून उजाडते. शेतपंपाची वीज पुष्कळ वर्षे रात्रीच्या पाळीने मिळत आल्यामुळे दारे धरावयास मध्यरात्री उसात उतरलेला शेतकरी तर प्रत्येक वाडीत सापडेल. ज्या घरातले एकही माणूस रात्री जागत नाही असे घर आपणांमध्ये विरळा.

प्रथम हे भय म्हणजे काय ते पाहू. मळ्यात राखणीस ठेविलेला कुत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. चोर आला की तो भुंकतो, आणि त्यासाठीच त्यास भाकर घालावयाची. आपल्या शरीरातही असा एक राखणदार आहे. दारे धरणाऱ्या माणसाच्या पायाशी साप सळसळला, की विचार करण्यापूर्वीच त्याचे हृदय जोराने चालू लागते, श्वास वाढतो, हातापायांत रक्त धावते, घाम सुटतो. ही सर्व तयारी पळण्याची किंवा लढण्याची होय. ती नसती तर मनुष्यजात कधीच नाहीशी झाली असती. आता कधी कधी असे होते की चोर नसता, नुसता वारा सुटला असता, कुत्रा भुंकावयास लागतो. भुंकणे खरे, चोर मात्र नाही. त्या तरुणाची छाती खरोखर धडधडत होती, घाम खरा होता, थरकाप खरा होता. ह्यात सोंग काही नव्हते. नव्हता तो फक्त साप. डॉक्टर लोक ह्यास पॅनिक अटॅक म्हणतात. आपण भयाचा झटका म्हणू.

ह्या झटक्याची आणखी एक रीत आहे. छाती धडधडली की माणसास वाटते, हृदय बंद पडत आहे. त्या विचाराने भय वाढते, भयाने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड पाहून विचार अधिकच पक्का होतो. १९८६ साली डेव्हिड क्लार्क नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने हे चक्र स्पष्ट करून मांडिले, आणि आजच्या उपचाराचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. श्वासाचेही तसेच. घाबरलेला मनुष्य भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू नेहमीपेक्षा कमी होतो, आणि त्यानेच बोटांस मुंग्या येतात, डोके हलके होते, श्वास पुरत नाही असे वाटते. म्हणजे हवा कमी पडल्यामुळे नव्हे, तर ती गरजेपेक्षा अधिक ओढल्यामुळे त्यास गुदमरल्यासारखे होते! झटका बहुधा काही मिनिटांत शिखरास पोहोचतो व मग उतरू लागतो. त्याने छाती फुटत नाही व वेडही लागत नाही. परंतु पहिल्याच वेळी छातीत दुखले असता हा झटकाच आहे असे आपल्या मनाने ठरवू नये. हृदयाचा, थायरॉइड ग्रंथीचा किंवा रक्तक्षयाचा विकार नाही ना, हे डॉक्टरकडून पाहून घ्यावे. त्या मुलास सोबत्यांनी दवाखान्यात नेले ते योग्यच केले.

मग हे रात्री तीन वाजताच का व्हावे? भयाचा झटका दिवसाही येतो, आणि रात्री काम करणाऱ्या प्रत्येकास येतो असेही नाही. तथापि रात्रीच्या जागरणाने शरीरातील राखणदार अधिक तापट होतो, हे समजण्यासारखे आहे. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींस छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो शरीराचे घड्याळ होय. डोळ्यांवाटे आलेल्या उजेडावरून तो दिवस व रात्र ओळखितो, आणि केव्हा झोप यावी, केव्हा भूक लागावी, अंगाची ऊब केव्हा वाढावी व केव्हा उतरावी हे ठरवितो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते ते फळांवरच्या चिलटांत शोधून काढिल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग ह्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ कारखान्याचा भोंगा ऐकत नाही. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास अंगाची ऊब सर्वांत उतरलेली असते. त्या वेळी शरीर म्हणते नीज, आणि पोट म्हणते उभा राहा. सकाळी खोलीवर येऊन पडावे, तर सूर्य वर आलेला असतो व घड्याळ म्हणते ऊठ. म्हणून दिवसाची झोप बहुधा अपुरी व उथळ होते. त्यात दर आठवड्यास पाळी बदलली म्हणजे घड्याळ एका वेळेस रुळावे तोच ती वेळ मोडते. झोप मोडलेल्या माणसास भय लौकर व्यापते, हे लेकरू सांभाळणाऱ्या कोणत्याही आईस ठाऊक आहे. त्यावर जागे राहण्यासाठी रात्रभर चहा, आणि चहाच्या जोडीस तंबाखू. ह्या दोहोंनीही हृदयाची गती वाढते. म्हणजे आधीच तापट झालेल्या कुत्र्यास आपणच काठीने डिवचितो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जे असे आपोआप येते त्यास दोष म्हणावे काय?

हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक औलुस गेलियुस ह्याने आपल्या ‘अटिक रात्री’ नावाच्या ग्रंथात एका समुद्रप्रवासाची गोष्ट सांगितली आहे. त्याच गलबतावर स्टोइक पंथाचा एक नामांकित तत्त्वज्ञ होता. सुखदुःख व जीवनमरण ही सारखी मानावी, असे शिकविणारा तो पंथ. रात्री मोठे वादळ झाले. गलबत बुडेल असे वाटू लागले, तेव्हा त्या तत्त्वज्ञाचाही चेहरा इतरांसारखाच पांढरा पडलेला लोकांनी पाहिला. वादळ निवळल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याची थट्टा केली. पुढे गेलियुसने एकांती आदराने विचारिले, तेव्हा त्याने आपल्या पिशवीतून एपिक्टेटस गुरूंचे पुस्तक काढून दाखविले. त्यातील तात्पर्य असे की, एकाएकी मोठा आवाज झाला किंवा संकट कोसळले तर शहाण्याचेही मन क्षणभर हलते व रंग उतरतो, कारण ही पहिली खळबळ बुद्धीची परवानगी घेऊन येत नाही. शहाणा व मूर्ख ह्यांतील भेद पुढे पडतो. मूर्ख त्या खळबळीस होकार देतो व ती जे सांगते ते खरे मानितो. शहाणा होकार रोखून धरितो.

हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. पहिली खळबळ ज्याची त्याने मागविलेली नसते. म्हणून तिचा जाब त्यास विचारिता येत नाही. आणि ती नेभळटांसच होते असेही नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले. त्यातील शेकडो शिपाई छातीची धडधड, धाप व घेरी ह्यांनी दवाखान्यांत दाखल झाले. फिलाडेल्फियाच्या जेकब दा कोस्टा ह्या डॉक्टरने त्यांस तपासून १८७१ साली आपला लेख प्रसिद्ध केला. पुष्कळांच्या हृदयाच्या घडणीत त्यास काही बिघाड सापडला नाही. हे लोक रणांगणावर उभे राहिलेले होते; त्यांस भित्रे कोण म्हणेल? पुढे १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथात ह्या विकारास स्वतंत्र नाव दिले. म्हणजे ज्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या स्वभावाचे वैगुण्य म्हणून हिणविले, ते ओळखता येणारे व बरे करता येणारे दुखणे आहे.

येथे एखादा वाचक म्हणेल, “हे सर्व शरीराचेच असेल, तर मग धैर्य कशास म्हणावे? उद्या कोणीही आळशी मनुष्य आपल्या घड्याळाकडे बोट दाखवील.” आक्षेप रास्त आहे व त्यास उत्तर दिले पाहिजे. आमचे उत्तर असे की, धैर्याची जागा नाहीशी होत नाही, ती फक्त सरकते. भय न येणे हे धैर्य नव्हे. ज्यास कधी भय आलेच नाही त्याने काय जिंकिले? भय आल्यावर मनुष्य जे करितो तेथे धैर्य सुरू होते. परंतु तेथेच आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

त्या तरुणाने चार महिने आपले दुखणे लपविले. पहिल्या वेळी दवाखान्यात नेले तेव्हा सोबत्यांस काहीतरी अपचन म्हणून सांगितले. पुढच्या वेळी झटका येईल असे वाटताच तो मोरीत जाऊन उभा राही; यंत्र चालूच असे. एके रात्री त्याचा थरथरणारा हात यंत्राच्या दाबाखाली जाता जाता वाचला. त्याच्या मते तो शूरपणे सोसत होता. आम्हांस वाटते की, जर कोठे चूक झाली असेल तर ती येथे झाली. भय येण्यात नव्हे, ते एकट्याने लपवून बाळगण्यात. आमच्या ओळखीच्या एका परिचारिकेची गोष्ट ह्याच्या उलट आहे. तीस रोग्यांच्या खोलीत रात्री ती एकटी असे. सुई भरीत असता तिला तसाच झटका आला. तिने सुई खाली ठेविली, शेजारच्या खोलीतील सोबतिणीस हाक मारिली आणि स्पष्ट सांगितले, “माझे हात कापत आहेत, एवढी सुई तू दे.” रोग्यास दोन मिनिटे उशीर झाला, याहून अधिक काही बिघडले नाही. दोघांसही भय सारखेच आले होते. परंतु एकाच्या लपविण्याने त्याचा हात जात होता, आणि दुसरीच्या बोलण्याने एका अनोळखी रोग्याचा जीव निर्धास्त राहिला. ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे त्याने तर हे बोलण्यात क्षणाचाही संकोच करू नये. मोटार हाकिताना झटका आला तर गाडी कडेस घेऊन थांबावे, आणि उपचार होऊन डॉक्टर होय म्हणेपर्यंत चाकामागे बसू नये.

तथापि हा उपदेश करणे सोपे आहे. तो ऐकणाऱ्याच्या जागी आपण उभे राहून पाहू. तो मुलगा कंत्राटी कामगार आहे. दुखण्याचे नाव काढिले तर उद्यापासून येऊ नकोस असे ऐकावे लागेल, ही त्याची धास्ती काल्पनिक नव्हे. गावी बोलावे तर बहिणीच्या सोयरिकीत ‘भाऊ वेडसर आहे’ अशी कुजबूज होईल. म्हणजे त्याचे मौन हे नुसते त्याचे नाही. ते आपण सर्वांनी मिळून विणिलेले आहे. जो मुकादम खरे बोलणाऱ्यास कामावरून काढितो, तो आपल्या हाताखालच्यांस खोटे बोलावयास शिकवितो. जो शेजारी हसतो, तो रोग्याच्या तोंडावर हात ठेवितो. खरे बोलणे ज्याने महाग केले, त्यानेही त्या लपविण्याचा वाटा उचलिला पाहिजे.

विश्रांतीचा हक्क मुक्याने सोसणाऱ्यास कधी मिळाला नाही, ह्याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांस आठवड्याची सुटीही निश्चित नव्हती, तेव्हा ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या व सरकारी चौकशी मंडळापुढे अर्ज ठेविला. रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, आणि सकाळी साडेसहास सुरू झालेले काम सूर्यास्ती थांबावे, अशा त्यातील मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. सूर्यास्ताची मागणी मात्र हाती लागली नाही. उलट पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा अंधारानेही काम थांबेनासे झाले व तास लांबले. १९४८ च्या कायद्याने मोठ्या माणसाच्या कामास आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली. आज दवाखाने, आगगाड्या व वीजघरे रात्री बंद ठेविता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या कामास रात्र लागतेच, त्याची पाळी नीट आखिता येते. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीरास उलट्या क्रमापेक्षा सोसतो. दोन पाळ्यांच्या मध्ये पुरी विश्रांती ठेविता येते. आणि ज्यास झटके येतात त्यास काही काळ दिवसाचे काम देता येते. हे मागणे म्हणजे भीक नव्हे.

मालकास व मुकादमास जाब विचारून आपण मोकळे होऊ असे मात्र नाही. त्या मातेशी बोलता बोलता आम्ही सहज विचारिले, “मावशी, रातपाळी असली म्हणजे मुलगा केव्हा निजतो?” त्या म्हणाल्या, “सकाळी आठ-नऊला पडतो म्हणं. पत्र्याची खोली, चौघं जण, चौघांच्या पाळ्या निरनिराळ्या.” “आणि तुम्ही त्याच्याशी केव्हा बोलता?” “रोज दुपारी बाराला फोन करते की. जेवलास का, इतकंच इचारते.” एवढे बोलून त्या थांबल्या. आम्हीही काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, “म्हंजे बाराला मीच त्याला रोज उठवते.” प्रेमाने केलेला तो एक फोन त्याच्या रात्रीची मध्यरात्र मोडीत होता. मध्यरात्री कोणी आपले दार ठोठावून जेवलास का म्हणून विचारिले तर आपण काय म्हणू?

घराचा वाटा येथे आहे. रात्री जागणाऱ्याचा दिवस ही त्याची रात्र, हे घरातील लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांनी धरून चालावे. खिडकीस जाड कापड लावावे, पत्र्यावर पाणी मारावे किंवा पाचट टाकावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, पाहुण्यास संध्याकाळी या म्हणून सांगावे. रातपाळीहून आलेल्या सुनेस आल्या पावली चुलीपुढे उभे करणे, हे तर आपल्यातील पुष्कळ घरांचे उघड पाप आहे. परिचारिका असली म्हणून तिचे शरीर लोखंडाचे होत नाही.

राहिला ज्याचे त्याचा वाटा. झटका आला तर प्रथम हातातले धोक्याचे काम थांबवावे व जवळच्यास एका शब्दाने सांगावे. मग पळू नये. बसावे, पाय जमिनीस टेकवावे, आणि श्वास ओढण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे. हळू, लांब सोडावा. कागदाच्या पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्ती करू नये, ती कधी कधी घातक होते. मनास सांगावे, हा कुत्रा भुंकत आहे, चोर आलेला नाही, थोड्या वेळाने गप्प होईल. भुंकणे बंद करावयाचा हट्ट धरू नये; जो त्याच्याशी झटतो त्याचे भय वाढते, जो त्यास भुंकू देतो त्याचे लौकर ओसरते. मध्यरात्रीनंतर चहा व तंबाखू सोडावी, कारण चहाचा अंमल कित्येक तास राहतो व सकाळची झोप खातो. झोप यावी म्हणून दारू घेणे हे सर्वांत वाईट. ती लौकर निजविते, मध्येच उठविते, आणि उतरताना भय दुप्पट करिते.

इतके करूनही झटके येत राहिले तर डॉक्टरकडे जाण्यास लाजू नये. विचार व वागणूक ह्यांची हळूहळू नवी सवय लावणारा बोलण्याचा उपचार ह्या विकारावर चांगला लागू पडतो. औषधेही आहेत, त्यांपैकी मुख्य औषधांस गुण यावयास काही आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत सोडू नयेत, आणि झोपेच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने घेऊ नयेत, त्यांची चटक लागते. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ नावाची सोय चालू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केल्यास रात्रीच्या तीन वाजताही मनाच्या दुखण्याविषयी आपल्या भाषेत बोलता येते व त्यास पैसे पडत नाहीत. हा आकडा कामाच्या ठिकाणी भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. तो सर्वस्वी बरा झाला असे आम्ही लिहिणार नाही. आईने फोनची वेळ संध्याकाळी पाचची केली. तो सरकारी दवाखान्यात जाऊ लागला. शेजारच्या यंत्रावरील सोबत्यास त्याने एके दिवशी सर्व सांगितले; तेव्हा तो सोबती थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मलाही होतं रे. दोन वर्षं झाली.” मुकादमाने दोन आठवडे दिवसाचे काम दिले, पुढे नाही म्हणाला. दिवाळीच्या आधी रातपाळीत त्यास पुन्हा झटका आला. त्याने यंत्र बंद केले, सोबत्यास खूण केली, स्टुलावर बसला. दहा मिनिटांनी उठून त्याने यंत्र पुन्हा चालू केले. पूर्वी झटका आल्यावर तो मरणाची वाट पाही. ह्या वेळी त्याने तो जाण्याची वाट पाहिली.

आता त्या मातेस आम्ही दिलेले उत्तर सांगून हा लेख पुरा करितो. आम्ही म्हणालो, “मावशी, तुमचा मुलगा भित्रा नाही. भय त्याच्याकडे न बोलावता येते. त्याचा जाब त्याच्यापाशी नाही. आल्यावर तो काय करितो ह्याचा जाब त्याचा. आणि ते नीट करण्याजोगी झोप, संगत व बोलण्याची मोकळीक त्यास मिळते की नाही, ह्याचा जाब तुमचा, आमचा आणि ज्यांचे काम तो करितो त्यांचा.”

वाचकहो, आज रात्री आपण दिवा मालवून निजाल तेव्हा कोणीतरी आपल्यासाठी जागे असेल. कोणी रोग्याच्या उशाशी, कोणी आगगाडीच्या रुळाशी, कोणी विजेच्या तारांशी. आपली झोप ही त्यांच्या जागरणातून आपणांस मिळालेली उसनवारी आहे. उद्या दिवसा त्यांपैकी एखादा आपल्या शेजारच्या घरी निजला असेल, तर निदान त्याच्या दाराशी मोठ्याने बोलू नये. आणि तो कधी आपले भय बोलून दाखवील, तर हसू नये.